अलीकडे माणूस, पलीकडे मालमत्ता

नवे गाव बघताना त्याच्या देवळांआधी त्याची तारणे बघावीत, असे मला वाटते. बँकेत वर्षानुवर्षे कर्जप्रकरणे तपासल्याचा हा परिणाम असेल. गावाने कशाच्या जोरावर पैसा उभा केला आणि सावकाराने कशाला किंमत दिली, हे कळले की गावाचा निम्मा स्वभाव कळतो. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराकडे मी याच नजरेने पाहिले, आणि एरवी सुखवस्तू दिसणाऱ्या त्या शहराच्या जमाखर्चात एक फार अवघड नोंद सापडली.

पिट्सबर्गला दोन नद्यांच्या संगमातून ओहायो नदी सुरू होते आणि ९८१ मैल वाहत जाऊन मिसिसिपीला मिळते. साधारण निम्म्या वाटेवर, उत्तर काठावर, टेकड्यांच्या कुशीत सिनसिनाटी वसले आहे. वस्ती झाली १७८८ साली. दोन वर्षांनी तिला सध्याचे नाव मिळाले. त्या नावाच्या मुळाशी आहे सिनसिनाटस हा रोमन सेनानी. लढाई जिंकल्यावर सत्ता सोडून तो पुन्हा आपल्या नांगराकडे गेला, अशी त्याची कथा. शहराची लोकसंख्या १९५० मध्ये पाच लाखांवर होती, ती २०२० च्या जनगणनेत ३,०९,३१७ भरली.

या शहराचे पहिले भांडवल म्हणजे डुकरे! आसपास मका अमाप पिके, पण तो वाहून नेणे परवडत नसे. डुक्कर मात्र मका खाऊन स्वतःच्या पायांनी बाजारात येई. खारवलेले मांस होड्यांतून खाली न्यू ऑर्लिन्सकडे जाई. एकोणिसाव्या शतकात शहराला चेष्टेने ‘पोर्कोपोलिस’, म्हणजे डुक्करनगरी, म्हणत. उरलेल्या चरबीतून साबण आणि मेणबत्त्या होत. विल्यम प्रॉक्टर मेणबत्त्या करी, जेम्स गँबल साबण. दोघे एकमेकांचे साडू. १८३७ मध्ये सासऱ्याच्या सल्ल्याने त्यांनी भागीदारी केली. आपल्या घरात येणाऱ्या टाइड आणि एरियलच्या पुड्यांचे कूळ थेट या साडवांपर्यंत जाते.

आता नदीचे दुसरे काम पाहू. ओहायो राज्यात गुलामगिरीला बंदी होती, तर समोरच्या केंटकीत ती कायदेशीर होती. एकाच पाण्याच्या अलीकडे माणूस, पलीकडे मालमत्ता. त्यातही मेख अशी की हद्द नदीच्या मध्यावर नाही, उत्तर काठाला लागून आहे. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १७९२ सालची उत्तरेकडची ओहोटीची रेषा हीच हद्द धरली. म्हणजे पळून येणारा गुलाम तीरावर पाय टेकेपर्यंत पाण्यातही गुलामच! पुढे १८५० च्या कायद्याने तीरावरचा तो आधारही काढून घेतला. पळालेल्यांना उत्तरेतून पकडून मालकाच्या हवाली करणे सरकारी कर्तव्य ठरले.

सिनसिनाटीचे व्यापारी यात कोणाच्या बाजूने होते? त्यांची गिऱ्हाइके दक्षिणेत होती, आणि गिऱ्हाईक दुखावलेले कोणाला परवडते? १८३६ मध्ये जेम्स बर्नी याच्या गुलामगिरीविरोधी वृत्तपत्राचा छापखाना जमावाने फोडून नदीत फेकला. हे पाहून सॅमन चेस हा तरुण वकील या लढ्यात ओढला गेला. फरारी गुलामांचे इतके खटले त्याने चालवले की लोक त्याला ‘पळपुट्या गुलामांचा ॲटर्नी जनरल’ म्हणू लागले.

जानेवारी १८५६ मध्ये नदी गोठली होती. मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री नवरा आणि मुलांसह रात्री बर्फावरून चालत सिनसिनाटीत आली आणि नातलगाच्या घरी लपली. काही तासांतच घराला वेढा पडला. मुले पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या दोनेक वर्षांच्या मुलीचा गळा चिरला.

पुढचा वाद वाचताना मी थबकलो. ओहायोचे अधिकारी म्हणाले, तिच्यावर खुनाचा खटला भरा. गुलामगिरीचे विरोधकही हेच मागत होते, कारण खुनाचा आरोप माणसावर होतो, वस्तूवर होत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे हाच माणूसपणाचा दाखला ठरावा, अशी वेळ होती. निकाल उलटा लागला. तिला मालमत्ता म्हणून मालकाकडे परत पाठवण्यात आले. चेस त्याच महिन्यात ओहायोचा गव्हर्नर झाला होता. त्यालाही ते थांबवता आले नाही. नंतर तिला खुनाच्या आरोपाखाली परत मागितले, तोवर मालकाने तिला दक्षिणेत धाडले होते. १८५८ मध्ये विषमज्वराने ती वारली. टोनी मॉरिसन यांच्या १९८७ च्या ‘बिलव्हेड’ कादंबरीमागे हीच घटना आहे.

चेस पुढे लिंकनचा अर्थमंत्री झाला. युद्धखर्चासाठी कागदी चलन आणि १८६३ चा राष्ट्रीय बँकांचा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका बँकेला त्याचे नाव दिले गेले. आजच्या जेपी मॉर्गन चेसमधला चेस तो हाच. आणि याच बँकेने २००५ मध्ये जाहीर माफी मागितली. तिच्यात कालांतराने विलीन झालेल्या लुइझियानातल्या दोन जुन्या बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० गुलाम तारण म्हणून घेतले होते. कर्ज थकले तेव्हा त्यांतले सुमारे १,२५० बँकांच्या मालकीचे झाले. तारणाच्या वर्णनाचा रकाना मी हजारो वेळा भरला आहे. विहीर, बैलजोडी, पिठाची गिरणी. त्या रकान्यात कोणी सुवाच्य अक्षरात माणसे लिहिली असतील. हिशेब जुळला असेल, सहीही झाली असेल.

१८६७ च्या पहिल्या दिवशी जॉन रोबलिंगचा झुलता पूल वाहनांना खुला झाला. १,०५७ फुटांचा त्याचा मुख्य गाळा तेव्हा जगात सर्वांत लांब होता. ब्रुकलिनचा पूल त्यानंतरचा. १९३७ च्या महापुरात पाणी ८० फुटांवर गेले, तरी पूल टिकला. मी तो चालत ओलांडला. फार तर दहा मिनिटे लागली. पण शहराचे सगळे हिशेब गुलामगिरीबरोबर मिटले नाहीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वेस्ट एंड भागातली मोठी कृष्णवर्णीय वस्ती महामार्ग आणि कारखान्यांसाठी पाडली गेली. पंचवीस हजारांच्या वर माणसे उठली.

याच शहराच्या खात्यात एक जमाही आहे, आणि ती आपल्या घरापर्यंत पोचलेली आहे. पोलंडमध्ये जन्मलेले डॉ. अल्बर्ट सेबिन १९३९ मध्ये इथल्या बालरुग्णालयाच्या संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तोंडावाटे देण्याची पोलिओची लस तयार केली. २४ एप्रिल १९६० च्या रविवारी सिनसिनाटीतल्या मुलांना ती द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी बाळाच्या जिभेवर पडणारे दोन थेंब हे त्याच लशीचे. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. सेबिन यांनी त्या लशीचे पेटंट घेतले नाही. ज्या नदीकाठी लेकराची किंमत बाजार ठरवत होता, तिथे शंभर वर्षांनी एका डॉक्टराने लेकरांसाठी केलेल्या वस्तूची किंमतच लावायचे नाकारले.