नाकातला भाडेकरू छातीत उतरतो तेव्हा

मागे एक आजी आठ महिन्यांच्या नातवाला दवाखान्यात घेऊन आल्या. "डॉक्टर, नुसती सर्दीच आहे, पण पोरगं अंगावर पीत नाही." मी झबलं वर करून, घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला ६४! प्रत्येक श्वासाबरोबर छातीचा खालचा भाग आत ओढला जात होता. हा न्यूमोनिया होता. बाळाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले आणि ते वाचले.

"सर्दीतून एवढं कसं झालं?" आजींचा प्रश्न रास्त होता.

न्यूमोकॉकस हा या आजाराचा एक प्रमुख जंतू. १८८१ साली फ्रान्सचे लुई पाश्चर आणि अमेरिकेचे जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी त्याची स्वतंत्रपणे नोंद केली. स्टर्नबर्गना तर तो स्वतःच्याच लाळेत सापडला. ती लाळ टोचलेले ससे मेले, पण ते स्वतः ठणठणीत होते!

वाचकहो, यातच सारे मर्म आहे. अनेक निरोगी मुलांच्या नाक-घशात हा जंतू भाडेकरूसारखा गुपचूप राहतो. मात्र सर्दीच्या विषाणूंनी श्वासमार्गाचे अस्तर दुखावले, बाळ कुपोषित असले, घरात चुलीचा किंवा विडीचा धूर असला, की तो फुफ्फुसात उतरू शकतो. त्याच्याभोवतीच्या कवचामुळे पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. कधी तो रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचतो.

म्हणून साध्या सर्दीला मनानेच अँटिबायोटिक देऊ नका. त्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. त्याऐवजी श्वास मोजा. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६०, एक वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर डॉक्टर गाठा. छाती आत ओढली जात असेल, पिणे सुटले असेल किंवा बाळ मलूल पडले असेल, तर क्षणाचाही विलंब नको.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी न्यूमोनिया ओळखून उपचार केले आणि बालमृत्यू घटले. ते निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. मग आईला श्वास मोजणे का जमू नये?

या जंतूवर पीसीव्ही ही लस आहे. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती चुकवू नका.

आणि "नुसती सर्दीच आहे" असे म्हणण्यापूर्वी, बाळाचे झबले एकदा वर करून पाहा.