कडुनिंबाचे पान आणि विजेचे कोठार

फाल्गुन लागला की आमच्या शाळेच्या प्रांगणातील कडुनिंबाची झाडे पाने गाळू लागतात. सकाळची वंदना आटोपताच वसतिगृहातील मुले खराटे हाती घेतात आणि तासाभरात पिवळ्या पाल्याचे ढीग उभे राहतात. या अंगणात कधी खराटा हाती घेतला नाही, असा आमचा एकही माजी विद्यार्थी नसेल. तो पाला आम्ही वर्षानुवर्षे खड्ड्यात लोटला किंवा काडी लावून मोकळे झालो. या पानांपासून वीज साठविणारे द्रव्य तयार होऊ शकते, असे त्या काळी कोणी सांगितले असते तर आम्ही त्याला हसण्यावारी नेले असते. परंतु २०१३ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच करून दाखविले. कडुनिंबाच्या आणि अशोकाच्या वाळलेल्या पानांपासून त्यांनी जो कार्बन मिळविला, तो विजेच्या साठवणुकीत महागड्या द्रव्यांच्या पंक्तीला बसणारा ठरला.

आम्ही इतिहासाचे अध्यापक आहोत, भौतिकशास्त्राचे नव्हे. तरीही स्मरणिकेसाठी हा विषय निवडला, कारण विजेचा प्रश्न आमच्या शाळेच्या इतिहासाचाच एक भाग आहे. विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले, ते आमच्या पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत येथे मांडत आहोत.

कंदिलापासून सौर दिव्यापर्यंत

भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण विदर्भाने अंधाराचे जे दिवस काढले, ते आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असतील. दहावीची मुले एका कंदिलाभोवती सहा-सहा जण बसून अभ्यास करीत. पुढे एका योजनेतून वसतिगृहाला सौर दिवे मिळाले आणि सर्वांना हायसे वाटले. पण दोन पावसाळे गेले आणि दिवे एकामागून एक मंद होत विझले. काचेची पट्टी शाबूत होती, बल्ब शाबूत होता, मेली होती ती आतली बॅटरी. नवी बॅटरी बसविण्याचा खर्च नव्या दिव्याइतका सांगण्यात आला आणि दिवे अडगळीच्या खोलीत गेले. सूर्य रोज उगवत होता. त्याने दिलेले रात्रीपर्यंत सांभाळून ठेवणारे भांडे मात्र आमच्याकडे नव्हते.

विजेचा हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना वीज हा विषय त्यांच्याच अखत्यारीत होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीच्या बैठकीचे अध्यक्षपद भूषविताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. विजेवाचून उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, तेही त्याच कारकिर्दीत. त्या वेळी प्रश्न वीज निर्माण करण्याचा होता. आज सूर्य आणि वारा यांपासून वीज मिळू लागली आहे आणि प्रश्न साठवणुकीवर येऊन ठेपला आहे.

पेव आणि टोपली

वीज साठविण्याची दोन प्रकारची भांडी आहेत. पहिले बॅटरी. तिच्यात वीज रासायनिक क्रियेच्या रूपाने साठते. जुन्या काळी गावात धान्याचे पेव असे. त्यात पुष्कळ धान्य मावे, पण भरायला वेळ लागे आणि काढायलाही वेळ लागे. बॅटरीचे तसेच आहे. शिवाय प्रत्येक भरण्या-उपसण्यात आतील द्रव्याची थोडी झीज होते आणि काही शे किंवा काही हजार फेऱ्यांनंतर ती थकते.

दुसरे भांडे म्हणजे धारित्र, ज्याला आपण कपॅसिटर म्हणतो. ते पडवीत ठेवलेल्या टोपलीसारखे असते. माल थोडा मावतो, पण क्षणात भरते आणि क्षणात रिकामे होते. याची कथा १७४५-४६ सालच्या लायडन बरणीपासून सुरू होते. काचेच्या बरणीला आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावला की तिच्यात विद्युतप्रभार साठून राहतो, हे तेव्हा युरोपात लक्षात आले. दोन धातूचे पृष्ठभाग आणि मध्ये वीज न वाहू देणारा पदर, एवढीच ती रचना. पृष्ठभाग जितका मोठा आणि दोहोंतील अंतर जितके कमी, तितकी साठवण अधिक.

सुपरकपॅसिटर हे याच धारित्राचे पुढचे रूप. १९५७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉवर्ड बेकर यांनी सच्छिद्र कार्बनवर आधारलेल्या अशा उपकरणाचे पेटंट घेतले. पुढे जपानमधील एनईसी कंपनीने १९७०च्या दशकात ते याच नावाने बाजारात आणले. यात दोन विद्युतअग्रे, म्हणजे इलेक्ट्रोड, क्षारयुक्त द्रावणात ठेवलेली असतात. वीज जोडताच द्रावणातील धन आयन एका अग्राच्या आणि ऋण आयन दुसऱ्या अग्राच्या पृष्ठभागाला बिलगून उभे राहतात. अंतर अणूंच्या आकाराइतके उरते, म्हणून साठवण प्रचंड वाढते. आयन फक्त बिलगतात आणि सुटतात, द्रव्याची मोडतोड जवळजवळ होत नाही. त्यामुळे चांगला सुपरकपॅसिटर लाखो वेळा भरता-उपसता येतो.

एका चिमटीत बारा गुंठे

आता पृष्ठभाग वाढवायचा कसा? येथे नॅनो हा शब्द येतो. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. एक सेंटीमीटर बाजू असलेला एखाद्या द्रव्याचा ठोकळा घेतला तर त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटीमीटर भरते, एका पोस्टाच्या तिकिटाएवढे. त्याच ठोकळ्याचे एक-एक मिलिमीटरचे तुकडे केले तर एकूण क्षेत्रफळ साठ चौरस सेंटीमीटर होते. आणि ते तुकडे एक-एक नॅनोमीटरचे केले तर? हिशेब ६,००० चौरस मीटरवर जातो, म्हणजे जवळजवळ दीड एकर. द्रव्य तेवढेच, वजन तेवढेच, पण आयनांना उभे राहायला दीड एकराचे रान मिळाले.

हाच हिशेब कडुनिंबाच्या पानांना लावू. पुण्याच्या प्रयोगशाळेत वाळलेल्या पानांची पूड करून ती हवेविना तापविण्यात आली. पानातील नैसर्गिक क्षार आणि धातूंनीच कार्बनला अतिसूक्ष्म छिद्रे पाडण्याचे काम केले. एरवी त्यासाठी वेगळी रसायने वापरावी लागतात. मिळालेल्या कार्बनचा पृष्ठभाग ग्रॅममागे सुमारे १,२३० चौरस मीटर भरला. आमच्या शेतकरी पालकांच्या भाषेत सांगायचे तर एका चिमटीत बारा गुंठे जमीन. त्याची साठवणक्षमता आम्लाच्या द्रावणात ग्रॅममागे ४०० फॅरड इतकी नोंदविली गेली.

एकट्याचे काम नव्हे

कार्बन पृष्ठभाग देतो आणि वीज चांगली वाहू देतो, परंतु त्याची साठवण पृष्ठभागापुरतीच मर्यादित राहते. मँगनीज डायऑक्साइडसारखे धातूंचे ऑक्साइड पृष्ठभागालगत जलद रासायनिक देवाणघेवाण करून अधिक प्रभार धरतात, पण त्यांच्यातून वीज सहज वाहत नाही. पॉलिअॅनिलीनसारखी वीजवाहक बहुवारिके लवचीक असतात आणि साठवणही भरपूर करतात, पण भरताना फुगतात, रिकामी होताना आकसतात आणि अखेरीस तडकतात. प्रत्येकात एक गुण आणि एक दोष.

यावर उपाय म्हणजे संमिश्र विद्युतअग्र. आपल्याकडे भिंत लिंपताना मातीत कुटार आणि शेण कालवितात. नुसती माती वाळली की भेगाळते, नुसते कुटार उभे राहत नाही, पण तिन्ही एकत्र आले की भिंत कित्येक पावसाळे टिकते. त्याच न्यायाने कार्बनच्या नळ्या किंवा ग्राफीनचे पापुद्रे यांच्या सांगाड्यावर ऑक्साइडचा अथवा बहुवारिकाचा नॅनो-थर चढवितात. सांगाडा वीज वाहून नेतो आणि तडे जाऊ देत नाही; थर साठवण वाढवितो.

कोल्हापूरची वाकणारी पट्टी

अशा विद्युतअग्रांवर महाराष्ट्रात झालेले मोठे काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील आहे. तेथील पदार्थविज्ञान विभागात प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे पातळ थरांवर संशोधन केले. त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की तिला फार महागडी यंत्रे लागत नाहीत. काचेच्या चंबूत धातूच्या क्षाराचे द्रावण घ्यायचे, त्यात पट्टी बुडवायची, पाण्यात खंगाळायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा खंगाळायची. रंगारी कापडाला बुचकळ्या देऊन रंग गडद करतो, तसा प्रत्येक फेरीत थर किंचित वाढत जातो.

२०१५ साली या गटाने दक्षिण कोरिया आणि स्पेनमधील संशोधकांच्या सहकार्याने केलेले काम ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वाकणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यावर एकीकडे मँगनीज डायऑक्साइडचे नॅनो-पापुद्रे आणि दुसरीकडे लोहाच्या ऑक्साइडचे नॅनो-कण बसविले. मध्ये पातळ द्रावणाऐवजी कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज आणि सोडियम सल्फेट यांचा चिकट लगदा भरला, म्हणजे वाकविले तरी काही सांडायचे नाही. दोन्ही बाजूंना मँगनीजच वापरले असता उपकरण एक व्होल्टपर्यंत चालले. एका बाजूला लोह येताच ते दोन व्होल्टपर्यंत गेले आणि साठवलेली ऊर्जा सुमारे दुप्पट झाली. ती किलोमागे ४१.८ वॅट-तास नोंदविली गेली. तीन हजार फेऱ्यांनंतरही त्याची ९१ टक्के क्षमता शिल्लक होती. विद्यापीठाच्या नावाची आद्याक्षरे असलेला दिव्यांचा फलक त्यांनी या पट्टीवर उजळवून दाखविला.

लोह आणि मँगनीज. यात सोने-रुपे काही नाही. मँगनीज तर आपल्या विदर्भाच्या पोटात आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील खाणींतून ते निघते आणि भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलच्या उद्योगाला पुरविले जाते. लगद्यातील सेल्युलोज हे वनस्पतींचे द्रव्य. कापसाचा धागा म्हणजे बहुतांशी सेल्युलोजच. पऱ्हाटीपासून असा सच्छिद्र कार्बन करण्याचे प्रयोगही जगात झाले आहेत. ज्या पऱ्हाट्या आम्ही चुलीत घालतो किंवा धुऱ्यावर पेटवून देतो, त्यांच्याकडे या नजरेने पाहणे आवश्यक आहे.

भाबडेपणा नको

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. प्रयोगशाळेतील असे आकडे बहुधा केवळ सक्रिय द्रव्याच्या वजनावर मोजलेले असतात; पत्रा, लगदा, आवरण धरले की ते बरेच खाली येतात. बाजारात मिळणारा सुपरकपॅसिटर आजही किलोमागे साधारण पाच ते दहा वॅट-तास साठवितो, तर लिथियम-आयन बॅटरी दीडशे ते अडीचशे. सुपरकपॅसिटरमधील वीज हळूहळू आपोआप झिरपूनही जाते. म्हणून रात्रभराच्या दिव्यासाठी एकटा सुपरकपॅसिटर पुरणार नाही. त्याचे स्थान बॅटरीच्या शेजारी आहे. एकदम मोठा झटका द्यायचा किंवा झेलायचा असेल तेथे त्याने पुढे व्हावे, म्हणजे बॅटरीची झीज कमी होईल. चीनमधील शांघाय शहरात २००६ पासून अशा बसगाड्या धावल्या, ज्या थांब्यावर प्रवासी चढेपर्यंत वीज भरून घेत. लवचीक पट्ट्यांचा उपयोग अंगावर बाळगायच्या आरोग्य-उपकरणांना आणि कापडात शिवायच्या संवेदकांना व्हावा, या दिशेने संशोधन चालू आहे.

आमच्या शेतकऱ्यांना पंपासाठी रात्रीची वीज मिळते आणि विंचू-काट्यात पाणी द्यायला जावे लागते, हे दुखणे या पट्टीने उद्या मिटेल असे आम्ही म्हणणार नाही. पण दिवसाची ऊर्जा सांभाळून ठेवण्याच्या प्रश्नावर ज्या प्रयोगशाळांत काम चालते, तेथे आमची मुले-मुली असावीत, असे मात्र आग्रहाने म्हणू.

आमच्या प्रयोगशाळेत

गेल्या वर्षी आमच्या विज्ञान शिक्षकांनी दहा फॅरडचा एक छोटा सुपरकपॅसिटर मागविला. आकाराने बोटाच्या पेराएवढा. पुन्हा भरता येणाऱ्या दोन सेलांना तो काही मिनिटे जोडला, धन-ऋण टोके सांभाळून, आणि मग सेल काढून घेतले. त्यावर लावलेला तांबडा एलईडी दिवा बराच वेळ तेवत राहिला. वर्ग स्तब्ध होता. कडुनिंबाच्या पानांची हकीकत सांगून झाल्यावर आठवीतील एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, मग आपण पाला जाळतो कशाला?”

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्याजवळ नव्हते. पाला न जाळता त्याचे खत करण्यास त्या दिवसापासून सुरुवात झाली, एवढे खरे. उरलेले उत्तर तिनेच शोधावयाचे आहे. २०१८ साली आपला वाशिम जिल्हा देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातला गेला. आकांक्षा या शब्दाला काही अर्थ असेल तर तो अशा प्रश्नांतच आहे. आमच्या शाळेत येणारी बहुतेक मुले शेतमजुरांच्या घरांतली. दहावीनंतर विज्ञान शाखा महाग आणि अवघड म्हणून त्यांतील कितीतरी जण मागे फिरतात. प्रत्यक्षात ज्या कामाने कोल्हापूरचे नाव जगाच्या नियतकालिकांत गेले, त्याचा पाया चंबू, क्षार, पाणी आणि चिकाटी हाच होता.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. देणगी आपण देताच. यंदा एक दिवसही द्यावा. आपल्यापैकी जे अभियांत्रिकीत, औषधनिर्माणात, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आहेत, त्यांनी शाळेत येऊन मुलांसमोर एक तरी प्रयोग स्वतःच्या हाताने करून दाखवावा. आणि पालकांना एवढेच सांगणे की, मुलगी विज्ञान घ्यायचे म्हणाली तर तिला थांबवू नका. फाल्गुनात पाने पुन्हा गळतील. ती झाडणाऱ्या हातांना त्यांचे मोल ठाऊक असावे, यासाठीच हा लेखनप्रपंच.