जेवणाच्या आधीचा अर्धा तास

‘रेग्युलर इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या,’ असे डॉक्टर बजावतात. तो अर्धा तास रेणूंना एकमेकांपासून सुटायला लागतो.

इन्सुलिनचा रेणू 51 अमिनो आम्लांचा. 21 आणि 30 अशा दोन साखळ्यांचा. बाटलीत बहुतेक रेणू एकेकटे नसतात. आधी दोघांची जोडी जमते, मग तीन जोड्या जस्ताच्या दोन आयनांभोवती गोळा होतात. त्यांना कोणी बांधत नाही. आकार, विद्युतभार आणि पाणी टाळणारे भाग नेमके जुळले की षटक आपोआप उभे राहते. ही रचना डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने 1969 मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने उलगडली. त्या गटात भारताचे एम. विजयन होते. बाटलीला येणारा औषधी वास मेटाक्रेसॉलचा. ते जंतूंना रोखते आणि षटकालाही टिकवते.

पेशीवरचा ग्राही (रिसेप्टर) मात्र सुटा रेणूच ओळखतो. त्वचेखाली द्रावण विरळ होत जाते तसे षटक हळूहळू फुटते, तेव्हा कुठे इन्सुलिन रक्तात पोहोचते. रसायनशास्त्रज्ञांनी नेमके इथेच लक्ष घातले. 1996 मध्ये बाजारात आलेल्या लिस्प्रो इन्सुलिनमध्ये मोठ्या साखळीतल्या 28 व 29 क्रमांकाच्या आम्लांची अदलाबदल केलेली आहे. त्यामुळे जोडी सैल पडली, पण ग्राहीशी असलेली ओळख कायम राहिली. म्हणून ते अगदी जेवायला बसताना घेता येते. ग्लार्जिन इन्सुलिन याच्या उलट: ते त्वचेखाली बारीक कणांच्या रूपात साचते आणि दिवसभर पुरते.

या विज्ञानाशी आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराचे नाते जवळचे आहे. वोक्हार्ट या औषध कंपनीने 2003 मध्ये यीस्टकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन ‘वोसुलिन’ नावाने आणले. कंपनीचा बायोटेक पार्क इथेच आहे.

याच शहराचा उन्हाळा इन्सुलिनचा वैरी आहे. उष्णतेने आणि हिसक्यांनी रेणूची घडी उलगडते आणि उलगडलेले रेणू भलत्याच पद्धतीने जुळून लांब तंतू बनवतात. ग्राही त्यांना ओळखत नाही. गोठलेले इन्सुलिनही वापरू नये. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवावी. फ्रीज नसेल तिथे ओल्या मडक्याचा गारवा उपयोगी पडतो. जे इन्सुलिन निवळ असायला हवे, ते गढूळ दिसले किंवा त्यात तंतू तरंगताना दिसले, तर टोचू नका. डोस बरोबर असूनही शुगर उतरत नसेल, तर बाटली कुठे आणि कशी ठेवली होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.