आरतीचा स्क्रीनसेव्हर आणि न बोलावलेले पाहुणे

दशाश्वमेध घाटावरची संध्याकाळची गंगा आरती पायऱ्यांवर बसून पाहायला एक पैसाही लागत नाही. तरी काशीयात्रा ठरली की पुण्या-नागपूरच्या घरांत रात्रीची जेवणं उरकल्यावर कॉम्प्युटरवर ‘आरती बुकिंग’, ‘घाटाजवळ धर्मशाळा’ अशी शोधाशोध सुरू होते. परत आल्यावर आजोबांना तोच घाट स्क्रीनसेव्हर म्हणून हवा असतो. हेरगिरी करणारी आणि नको असलेली सॉफ्टवेअरं घरात शिरतात ती बहुतेकदा अशाच साध्यासुध्या शोधातून. कुणी कुलूप तोडून आत आलं असं क्वचित होतं. कडी आपणच काढलेली असते.

भाविकांची ही घाई भामट्यांना पक्की ठाऊक आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये खास यात्रेकरूंसाठी इशारा दिला होता. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामच्या खोल्या, यात्रा सहली यांच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळं उभी राहत होती. तिथे पैसे बुडतात हे उघडच आहे. पण अशा पानावर ‘पावती डाउनलोड करा’ असं बटण दिसलं, तर ते पैशांपेक्षा महाग पडू शकतं.

अशी एक फाइल जवळून पाहू. डाउनलोड्समध्ये नाव दिसतं ‘आरती डॉट जेपीजी’, शेजारी फोटोचं छोटं चित्र. विंडोज एरवी फाइलच्या नावाची शेपटी लपवून ठेवतं. विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, ‘व्ह्यू’, मग ‘शो’, आणि तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. त्याच नावापुढे आता ‘डॉट ईएक्सई’ दिसेल. म्हणजे तो फोटो नव्हताच, प्रोग्राम होता. स्क्रीनसेव्हरची ‘डॉट एससीआर’ फाइल तर जन्मानेच प्रोग्राम असते. आजोबांना घाट पाहायचाच असेल तर घरच्या कुणीतरी काढलेला फोटो लावावा, हे माझं सरळ मत.

दुसरी वाट फुकट सॉफ्टवेअरची. काशीत गोदौलियाला उतरलं की एखादा पोरगा ‘नुसता रस्ता दाखवतो’ म्हणत सोबत चालू लागतो आणि घाट येईपर्यंत नाव, पूजा, बनारसी साडीचं दुकान सगळं परस्पर ठरवून टाकतो. इन्स्टॉलरचं तसंच. आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातो आणि एका प्रोग्रामसोबत तीन येतात. ‘कस्टम’ निवडून आधीच केलेल्या खुणा काढल्या की निम्मी ब्याद टळते. 2017 मध्ये गाजलेलं ‘फायरबॉल’ याच मार्गाने पसरलं. चेक पॉइंट या कंपनीच्या अंदाजाने जगात 25 कोटी आणि एकट्या भारतात अडीच कोटी कॉम्प्युटर त्याने धरले होते. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला ठरवला. फुकट प्रोग्रामच्या पाठीवर बसून येणं आणि ब्राउझरचं पहिलं पान बळकावणं, या रीतीबद्दल मात्र वाद नव्हता.

आताचे चोर जास्त मुकाट असतात. ‘लुमा’ नावाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतं. कुकी हाती लागली की काही खाती ओटीपी न विचारताही उघडतात. 16 मार्च ते 16 मे 2025 या दोन महिन्यांत मायक्रोसॉफ्टला ‘लुमा’ शिरलेली 3 लाख 94 हजार विंडोज यंत्रं सापडली. त्याची एक युक्ती लक्षात ठेवावी अशी आहे: ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ म्हणत पान तुम्हाला विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायला, मग पेस्ट करून एंटर मारायला सांगतं. कोणतंही खरं संकेतस्थळ असं सांगत नाही. सांगितलं, की पान बंद.

मग महागडा अँटिव्हायरस घ्यायचा का? घरगुती वापराला विंडोजसोबत येणारा डिफेंडर पुरतो, अपडेट चालू असतील तर. त्यात ‘पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ नावाची सोय आहे, ती चालू आहे ना हे पाहा. दोन अँटिव्हायरस एकदम चालवू नका, ते एकमेकांच्याच पायात येतात. रोजच्या कामाला ‘स्टँडर्ड’ खातं ठेवा, ‘अ‍ॅडमिन’ वेगळं. आणि ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर घेऊ नका. मराठी टायपिंगपासून फोटोशॉपपर्यंत आपल्याकडे ते सर्रास चालतं, आणि ते चालवायच्या सूचनेतच ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलेलं असतं! विंडोज 10 ची नियमित दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, हेही ध्यानात असू द्या.

स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘पाच व्हायरस सापडले’ असं सारखं झळकत असेल तर घाबरू नका. बहुधा कुठल्यातरी संकेतस्थळाला आपण ‘अलाऊ’ म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या यादीतून ते नाव काढा. त्या इशाऱ्यात दिलेल्या नंबरवर मात्र फोन करू नका.

खरोखरच काही शिरल्याचा संशय आला तर आधी इंटरनेट तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. सफाईची मोफत साधनं सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर 2017 पासून मिळतात. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.