वस्तूचा शेवट कोण योजतो?

२०१८ च्या फेब्रुवारीत नारेगाव-मांडकीच्या ग्रामस्थांनी, वर्षानुवर्षे आपल्या शिवारात साचत आलेल्या कचऱ्याला कंटाळून शहराच्या गाड्या अडविल्या, आणि मार्चमध्ये त्या मिटमिट्याकडे वळविल्या गेल्या तेव्हा दगडफेक व लाठीमार होण्यापर्यंत मजल गेली. या पेचातूनच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी पडेगावचे केंद्र दररोज १५० टन क्षमतेचे.

तेथे ओल्या कचऱ्याचे खत होते, सुका निवडला जातो. परंतु निवडणाऱ्या हातांना जे साधते वा साधत नाही, त्याचा निर्णय फार पूर्वी, वस्तूची घडण ठरविणाऱ्याच्या मेजावर झालेला असतो, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. दुधाची पिशवी एकाच जातीच्या पॉलिथिनची असते, म्हणून ती वितळवून पुन्हा वापरता येते आणि भंगारवाला तिला मोल देतो. वेफर्सच्या पुडीत मात्र निरनिराळ्या जातींच्या प्लास्टिकचे थर आणि धातूचा अतिसूक्ष्म मुलामा परस्परांना असे चिकटविलेले असतात की ते सोडविणे व्यवहारतः अशक्य होते. तिला कोणी विकत घेत नाही, आणि फार तर सिमेंटच्या भट्टीत तिचे इंधन होते. खाऊ कुरकुरीत राहावा एवढाच विचार झाला, पुडीच्या पुढच्या गतीचा झाला नाही.

दुधाच्या पिशवीचीही कथा निर्दोष नाही. आपण तिचा कोपरा कापतो. तो नखाएवढा तुकडा ओल्या कचऱ्यात मिसळतो, खतात उतरतो आणि खताबरोबर शेतात जातो. कोपरा पिशवीपासून सुटूच नये अशी खाच आखणे काही दुष्कर नव्हे. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून, तीन लिटरपर्यंतच्या एकवार वापराच्या प्लास्टिकच्या पेयबाटल्यांची टोपणे बाटलीस जोडलेलीच असावीत असा दंडक घातला, तो याच जातीच्या विचारातून. मिटमिट्याचा तो प्रक्षोभ घडला त्याच मार्चच्या २३ तारखेस महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि दुधाच्या पिशव्या परत घेण्याची तजवीजही तीत केली. तजवीज योग्य होती, अंमल मात्र तोकडा पडला.

वस्तूच्या शेवटाचा विचार घडणीतच असलेली रीत मात्र जवळच आहे. पडेगावाहून दौलताबादेच्या पुढे खुलदाबादच्या वाटेवर कागजीपुरा लागतो. तुघलकाच्या काळापासून येथे हातकागद होत आला, असे परंपरा सांगते. जुन्या सुती चिंध्या कुटून लगदा करावा, लगद्याचा ताव उचलावा, आणि तावाचे काम सरले की त्याचाही लगदा करता यावा, इतकी ती सरळ रीत आहे; तिच्यात कोठेही न सुटणारा सांधा नाही.

प्लास्टिक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी वेष्टनाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती कागदोपत्री हिशेबाने पार पडत नाही. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत जे वेष्टने आखतात, त्यांना नवे वेष्टन मंजूर होण्याआधी ते घेऊन पडेगावास पाठवावे, आणि तेथील निवडणाऱ्या स्त्रीपुरुषांनी ते हातात घेऊन, याचे काय करता येईल, हे सांगावे.