एसएमपीएस गेला की मदरबोर्ड?

बटण दाबलं, पण संगणक ढिम्म. घरातलं निदान ठरलेलं असतं: ‘मदरबोर्ड गेला.’ पुष्कळदा बिघाड असतो तो कॅबिनेटच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात, एसएमपीएसमध्ये. घरातली 230 व्होल्टची एसी वीज घेऊन तो 12, 5 आणि 3.3 व्होल्ट डीसी पुरवतो.

गैरसमज: मदरबोर्डवरचा दिवा लागतो, म्हणजे एसएमपीएस ठणठणीत.

वस्तुस्थिती: तो दिवा जांभळ्या वायरमधून येणाऱ्या 5 व्होल्टच्या स्टँडबाय पुरवठ्यावर लागतो. मुख्य पुरवठा बंद पडला तरी हा चालू राहू शकतो.

गैरसमज: हिरवी-काळी वायर जोडून पंखा फिरला, की शंका मिटली.

वस्तुस्थिती: ही चाचणी करतात ती वीज बंद करून, 24 पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढून. हिरवी आणि शेजारची काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडायची, मग स्विच लावायचा. पंखा फिरला तर एसएमपीएस चालू होतो, एवढंच कळतं. खरं उत्तर मल्टिमीटर देतो. पिवळ्या वायरवर 11.4 ते 12.6, लालवर 4.75 ते 5.25 आणि नारिंगीवर 3.14 ते 3.47 व्होल्ट दिसायला हवेत. रिकामा असताना बरोबर आकडे दाखवणारा एसएमपीएस लोड आल्यावर ढेपाळू शकतो, म्हणून संगणक चालू होत असेल तर तेव्हाही मोजावं.

गैरसमज: प्लग काढला की डबा उघडायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. हा झटका जिवावर बेतू शकतो.

गैरसमज: जास्त वॉटचा एसएमपीएस मदरबोर्ड जाळतो आणि बिलही वाढवतो.

वस्तुस्थिती: 650 वॉट ही कमाल क्षमता. संगणकाला 200 वॉट लागत असतील, तर तो तेवढेच देतो. भिंतीतून थोडी जास्त वीज ओढली जाते, ती उष्णतेत जाणारी. व्होल्टेज मात्र तेच राहतं.

गैरसमज: नव्या मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसला जुन्याच केबल चालतात.

वस्तुस्थिती: एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते. प्लग घट्ट बसला तरी 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जाऊन हार्डडिस्क जळू शकते.

तेव्हा नवा मदरबोर्ड घेण्याआधी एसएमपीएस मोजून घ्या. तो गेलाच असेल, तर डबा न उघडता पूर्ण बदला आणि नव्यासोबत आलेल्याच केबल वापरा.