खाणीची येणे-बाकी

सायंकाळी पेढी बंद करण्यापूर्वी रोजमेळ जुळविणे हा आपल्या व्यापाराचा पहिला नियम होय. नफा हाती आला, परंतु देणे वहीत लिहिले नाही, तर तो नफा नव्हे, भ्रम होय. भूमीच्या उदरातून काढलेल्या धनासही हाच नियम लागू आहे.

सौंसरच्या उत्तरेस पेंच व कन्हान खोऱ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून कोळसा निघत आहे. परासिया, जुन्नारदेव, दमुआ येथील उदीम त्यावरच वाढला. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, मालक बदलले. परंतु कोळसा संपल्यावर जमीन पूर्ववत् करण्यासाठी आधीच रक्कम बाजूस ठेवण्याचा दंडक पुढेही दीर्घकाळ नव्हता. आतील पोकळीमुळे वरची जमीन खचते, विहिरी आटतात, दगडमातीचे ढिगारे पावसात ओढ्यांत उतरतात. कन्हान नदी त्याच प्रदेशातून आपल्या तालुक्यात येते.

हा दंडक २००९ साली आला. उघड्या खाणीस दर हेक्टरी ६ लाख व भूमिगत खाणीस १ लाख रुपये ठरले; म्हणजे १०० हेक्टरांच्या उघड्या खाणीस ६ कोटी. ही रक्कम खाणीच्या आयुष्यावर विभागून दरसाल एस्क्रो खात्यात भरावयाची. पुढे हे दर वाढविण्यात आले.

मात्र त्यापूर्वीच टाकून दिलेल्या खाणींचे असे खातेच नाही. त्यांच्यासाठी कोळसा मंत्रालयाने २०२२ साली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. तथापि खर्च कोणाच्या नावे मांडावा, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेने १९७७ च्या कायद्याने चालू खाणींवर टनामागे उघड्या खाणीस ३५ व भूमिगत खाणीस १५ सेंट आकार बसवून जुन्या, बेवारस जमिनींचा निधी उभारला. आपल्याकडे २०१५ पासून जिल्हा खनिज निधी आहे. पण २०२३ मध्ये सौंसर पांढुर्णा जिल्ह्यात गेले. कोळशाचा निधी छिंदवाड्यात जमतो, नदी मात्र आपल्या दारावरून वाहते. या निधीतून जुन्या खाणी व नदीकाठ यांसाठी वाटा मागणे हे दोन्ही जिल्ह्यांतील व्यापारीबंधूंचे कर्तव्य आहे.

श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म व स्फोटकर्म यांची गणना आहे. आपण खाणी खोदल्या नसतील. परंतु त्या कोळशावर आपल्या बाजारपेठा चालल्या. ज्याचा लाभ घेतला त्याचे ऋण नाकारणे अपरिग्रहाच्या उपासकास शोभत नाही.